हळव्या भाताच्या शेतातलं विद्यापीठ

२१ ऑक्टोबर १८८२. टोकियो शहराबाहेरच्या तोत्सुका नावाच्या खेड्यात, भातशेतीच्या शेजारी बांधलेल्या नव्या कोऱ्या इमारतीत एका शाळेचं उद्घाटन चाललंय. ऐंशी विद्यार्थी, मूठभर तरुण शिक्षक, थोडे पाहुणे. भाषणं होताहेत, टाळ्या पडताहेत. सगळे आलेत. आला नाही तो फक्त एकच माणूस... ज्यानं ही शाळा काढली तो! त्याचा बंगला इथून हाकेच्या अंतरावर आहे. तरीही तो आलेला नाही. आणि पुढची पंधरा वर्षं तो या शाळेच्या कुठल्याही समारंभात पाऊल टाकणार नाही.

स्वतःच्याच संस्थेच्या उद्घाटनाला न जाणारा संस्थापक! आपल्याकडे कोनशिलेवर नाव कोरण्यावरून भांडणं होतात, म्हणून मला हा किस्सा फारच गमतीचा वाटला. तो सांगितला माझ्या मामेभावानं. गेली सहा वर्षं तो टोकियोत नोकरी करतो. ‘फुजी पर्वत सगळेच बघतात, ताई. तुला मी एका माणसाच्या मागावर फिरवतो’ असं म्हणत त्यानं मला सकाळी सकाळी ट्राममध्ये बसवलं होतं.

हो, ट्राम! मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद पडली, पण टोकियोत एका डब्याची एक ट्राम अजून खडखडत धावते. घरांच्या परसांना खेटून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या चुकवत. तिचं शेवटचं ठाणं वासेदा. तिथं उतरल्यावर भावानं पाटीवरची तीन अक्षरं एकेक करून फोडून सांगितली. पहिलं अक्षर म्हणजे ‘लवकर’, दुसरं ‘भात’, तिसरं ‘शेत’.

‘म्हणजे हळव्या भाताचं शेत,’ मी म्हटलं. त्याचं घर आणि माझं आजोळ एकच, रोहा तालुक्यात. हळवं आणि गरवं भात आम्हाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘तेच! लवकर तयार होणारं भात. विद्यापीठाचं नाव तेच आहे, वासेदा.’

आज तिथं भाताची काडीसुद्धा नाही. चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचं हे जपानमधलं एक मोठं खासगी विद्यापीठ आहे. ‘सोनी’च्या दोन संस्थापकांपैकी मासारू इबुका इथले. कादंबरीकार हारुकी मुराकामी इथले. तानझान इशिबाशींपासून फुमियो किशिदांपर्यंत आठ पंतप्रधान इथून शिकून गेले. पण मुख्य प्रवेशापाशी पोचल्यावर मी फाटक शोधत राहिले. फाटकच नाही! दोन्ही बाजूंना खांब आहेत, मध्ये दार नाही. या प्रवेशाला ‘दाराविना दार’ असंच म्हणतात. कुणीही यावं, कुणीही जावं. एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आरामात आरपार निघून गेल्या.

आत गेल्यावर तो भेटतो. शिगेनोबू ओकुमा. १९३२ मध्ये फुमिओ आसाकुरा या शिल्पकारानं घडवलेला भव्य पुतळा. अंगात पदवीदानाचा झगा, डोक्यावर टोपी, हातात काठी. काठी रुबाबासाठी नाही. तिची कथा पुढं येईल.

ओकुमांचा जन्म १८३८ चा, दूर दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या सागा गावातला. घराणं सामुराईंचं, वडील तोफखान्यावरचे अधिकारी. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असताना वडील गेले आणि मिइको या आईनं त्याला वाढवलं. सागामधलं ते गवताच्या छपराचं घर अजून जपलेलं आहे. मुलाच्या अभ्यासासाठी आईनं वर माडी चढवून घेतली. बसायच्या जागेजवळ एक लाकूड असं पुढं आलेलं आहे की पेंग आली की कपाळ त्यावर आपटलंच पाहिजे! आपल्याकडे शेंडी खुंटीला बांधून अभ्यास करण्याच्या गोष्टी सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

पण मुलगा पुस्तकी नव्हता, बंडखोर होता. संस्थानच्या शाळेत कन्फ्यूशियसची वचनं घोकून घेत. हा विचारी, याचा उपयोग काय? मुलांच्या दंग्यात पुढं राहिला म्हणून शाळेतून काढून टाकलं. मग तो डच भाषा शिकला, कारण त्या काळी पश्चिमेचं ज्ञान जपानला डच पुस्तकांतूनच मिळे. पुढं नागासाकीला जाऊन गुइडो व्हर्बेक या मिशनऱ्याकडे त्यानं इंग्रजीचे धडे घेतले. बायबलचा नवा करार आणि अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, अशी त्याची पाठ्यपुस्तकं होती. माणसं जन्मतः समान आहेत हे वाक्य एका सामुराईच्या पोरानं वाचलं तर काय होईल, ते झालं.

आणखी एक विचित्र गोष्ट. हा माणूस लिहीत नसे! शाळेत एका मुलाचं अक्षर आपल्यापेक्षा सरस निघालं, तेव्हा यानं ठरवलं की लिहायचंच नाही, म्हणजे हरण्याचा प्रश्नच नाही. सगळा कारभार आयुष्यभर तोंडी सांगून चालवला. पुढं मंत्री म्हणून करावी लागली ती सही, तेवढंच काय ते त्यांचं हस्ताक्षर, असं सांगतात. विद्यापीठ काढणाऱ्या माणसाचं अक्षरच बघायला मिळू नये, हे जरा अजबच.

१८६८ मध्ये शोगुनांची राजवट संपली, सम्राट मेइजींच्या नावानं नवं सरकार आलं आणि तिशीतला ओकुमा त्यात भराभर वर चढला. त्या चार-पाच वर्षांत या माणसानं काय काय केलं ते बघून दम लागतो.

आदल्या दिवशी भावानं मला शिनागावाजवळच्या ताकानावा भागात नेलं होतं. चकचकीत नवं स्टेशन, काचेचे मनोरे. त्यांच्या पायथ्याशी जुन्या दगडी बांधाचा एक तुकडा जपून ठेवलाय. ओकुमा आणि त्यांचे तेव्हाचे जिवलग हिरोबुमी इतो यांनी हट्टानं जपानची पहिली रेल्वे आणली. टोकियोतलं शिम्बाशी ते योकोहामा, २९ किलोमीटर, साल १८७२. (आपली बोरीबंदर-ठाणे गाडी तेव्हा एकोणीस वर्षांची झाली होती, हे मी भावाला ऐकवून घेतलंच.) लष्करी खात्याला ही रेल्वे नको होती. पैसा तोफांवर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आपल्या जमिनीची मोजणीसुद्धा करू दिली नाही. ओकुमा म्हणाले, जमीन देत नाहीत? मग समुद्रातून न्या! आणि खरंच सुमारे पावणेतीन किलोमीटर बांध किनाऱ्यालगतच्या पाण्यात घालून त्यावरून गाडी धावली. पुढं समुद्र बुजवला गेला, बांध जमिनीत गडप झाला. २०१९ मध्ये स्टेशन परिसराच्या बांधकामात तो पुन्हा सापडला. बराचसा भाग काढून टाकावा लागला, त्यावरून वादही पेटला, काही तुकडे तेवढे राष्ट्रीय स्मारक म्हणून राहिले.

रुळांमधलं अंतर किती ठेवायचं, असं इंग्रज तंत्रज्ञांनी विचारलं तेव्हा ओकुमांना प्रश्नच नीट कळला नव्हता म्हणे. त्यांनी अरुंद मापाला होकार दिला, साडेतीन फूट. जपानची बहुतेक जुनी रेल्वे आजही त्याच मापाची आहे. ही आपली मोठी चूक, असं ते म्हातारपणी उघड कबूल करत. मला हे फार आवडलं.

येन हे नाणंही त्याच काळातलं, १८७१ चं. नाणी गोल असावीत की जुन्यासारखी चौकोनी, यावर खल चालला असता ओकुमांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला आणि म्हणाले, पैसा म्हटलं की प्रत्येक जण हाताची खूण अशीच करतो ना? झालं, नाणी गोल!

पंचांगाचा किस्सा तर आपल्या अर्थमंत्र्यांनी ऐकू नये असा. जपानमध्ये तेव्हा चांद्र पंचांग होतं. १८७३ मध्ये अधिक मास येणार होता, म्हणजे वर्षाचे तेरा महिने. नोकरांना पगार तर नुकताच मासिक केलेला. तेरावा पगार द्यायचा कुठून? तिजोरीत खडखडाट. सरकारनं युरोपचं कॅलेंडर एकाएकी स्वीकारलं. जुन्या बाराव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी १ जानेवारी १८७३ उजाडली. तेरावा पगार वाचला, शिवाय दोनच दिवसांचा झालेला डिसेंबरही फुकटात गेला! सुधारणेमागे हा हिशेब होता, हे ओकुमांनी आठवणींत स्वतःच सांगून टाकलंय.

असा माणूस सरकारात टिकणं अवघडच. १८८१ मध्ये त्यांनी मागणी केली की इंग्लंडसारखी राज्यघटना हवी, संसद हवी, आणि तीही लगेच हवी. त्याच वेळी होक्काइदो बेटावरची सरकारी मालमत्ता मर्जीतल्या व्यापाऱ्यांना मातीमोलानं देण्याचं प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजत होतं. बाकीच्या मंत्र्यांना वाटलं, आग लावणारा हाच. ओकुमा सम्राटांबरोबर उत्तरेच्या दौऱ्यावर होते. ते परतले त्याच रात्री राजीनामा मागायला माणसं दारात उभी! त्यांत एक होते इतो, रेल्वेच्या वेळचे जिवलग. मात्र त्याच सुमारास सम्राटांच्या नावानं जाहीर झालं की १८९० पर्यंत देशाला संसद मिळेल. माणूस गेला, मागणी मान्य झाली.

पुढच्याच वर्षी ओकुमांनी दोन गोष्टी केल्या. एप्रिलमध्ये राजकीय पक्ष काढला, ऑक्टोबरमध्ये शाळा.

आता त्या गैरहजेरीचं कोडं उलगडतं. पाचच वर्षांपूर्वी, १८७७ मध्ये, ताकामोरी साइगो या सरकारातून बाहेर पडलेल्या मोठ्या नेत्यानं बंड केलं होतं आणि त्याची फौज उभी राहिली होती त्यानं काढलेल्या खासगी शाळांतून. तेव्हा हकालपट्टी झालेल्या मंत्र्यानं शाळा काढली म्हटल्यावर सरकारचे कान टवकारणारच. गुप्त पोलीस फिरू लागले. सरकारी विद्यालयांतल्या प्राध्यापकांना इथं शिकवायची मनाई झाली. ओकुमा व्यासपीठावर चढले असते तर शाळेवर त्यांच्या पक्षाचा शिक्का कायमचा बसला असता. म्हणून ते दूर राहिले. मुख्याध्यापक नेमले जावई हिदेमारो, आणि खरा गाडा ओढला अझुसा ओनो या तिशीतल्या तरुणानं.

उद्घाटनाच्या दिवशी ओनोंनी केलेलं भाषण वासेदात आजही आठवतात. त्यांचा मुद्दा साधा होता. देश स्वतंत्र व्हायचा तर माणसं स्वतंत्र हवीत, आणि माणसं स्वतंत्र व्हायची तर विद्या स्वतंत्र हवी. सरकारपासून स्वतंत्र, पक्षापासून स्वतंत्र, अगदी परक्या भाषेपासूनही! तेव्हा टोकियोच्या सरकारी विद्यापीठात कायदा, विज्ञान सारं इंग्रजीतून चाले. परदेशी प्राध्यापक शिकवत, मुलांची निम्मी हयात भाषा घोटण्यातच जाई. ओकुमांच्या शाळेनं जपानी भाषेतून राज्यशास्त्र आणि कायदा शिकवायला घेतला. काही वर्षांतच व्याख्यानं छापून गावोगाव टपालानं पाठवायला सुरुवात केली. शेतावर राबणारी, दुकानात बसणारी पोरं घरबसल्या शिकू लागली. ओनो १८८६ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेले. पहिली दोन-तीन वर्षंच त्यांना बघता आली.

ओकुमा राजकारणात परतले आणि परराष्ट्रमंत्री झाले. १८ ऑक्टोबर १८८९ ला त्यांची घोडागाडी कचेरीत शिरत असताना गेन्योशा या कडव्या राष्ट्रवादी संघटनेच्या त्सुनेकी कुरुशिमा या तरुणानं बाँब फेकला आणि तिथंच स्वतःचा गळा चिरून घेतला. कारण? पाश्चात्त्य देशांशी नवा करार करताना जपानच्या न्यायालयात परदेशी न्यायाधीश बसवायला ओकुमा तयार झाले होते. जीव वाचला, उजवा पाय कापावा लागला. पुतळ्याच्या हातातली काठी ती ही. ओकुमांनी त्या पोराबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, उलट त्याच्या धाडसाचं कौतुकच केलं, असं सांगतात.

एका पायाच्या या माणसानं १९०८ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, वासेदा आणि एका अमेरिकन संघाच्या बेसबॉल सामन्याचा पहिला चेंडू टाकला. चेंडू भलतीकडेच गेला. समोर वासेदाचाच फलंदाज. आपल्या गुरुजींचा चेंडू वाया कसा जाऊ द्यायचा? त्यानं मुद्दाम हवेत बॅट फिरवली आणि हुकला. आजही जपानमध्ये पाहुण्यानं टाकलेल्या पहिल्या चेंडूवर फलंदाज मुद्दाम हुकतो, ती प्रथा तिथली!

घड्याळाचे ठोके पडले तशी मी वर पाहिलं. ओकुमा सभागृहाचा तपकिरी मनोरा. १९२७ चं बांधकाम, उंची १२५ शाकू, म्हणजे सुमारे ३८ मीटर. माणूस नीट जगला तर सव्वाशे वर्षं जगतो, असं ओकुमांचं ठाम मत होतं. प्राणी वाढीला लागणाऱ्या वर्षांच्या पाचपट जगतात, माणूस पंचविशीत पुरता वाढतो, म्हणजे पंचवीस पंचे सव्वाशे! स्वतः ते त्र्याऐंशीव्या वर्षी गेले, बेचाळीस वर्षं आधी. विद्यार्थ्यांनी ती उंची मनोऱ्याला दिली. मागच्या बाजूला त्यांच्या बंगल्याची बाग आहे. बंगला १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला. काचगृहात खरबुजं पिकवून पाहुण्यांना खिलवण्याची म्हाताऱ्याला भारी हौस होती. आता हिरवळीवर पोरं-पोरी डबे उघडून बसली होती.

आम्ही उत्तरेला चालू लागलो. एक छोटी नदी ओलांडली. ‘नदीचं नाव कांदा,’ भाऊ गंभीरपणे म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय, पण पुलावरच्या पाटीवर खरंच तेच होतं. पलीकडचा चढ चढून गेल्यावर मेजिरो भागात एक शांत आवार लागलं आणि तिथं मात्र मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

हे जपान महिला विद्यापीठ. १९०१ मध्ये जिन्झो नारुसे यांनी ते काढलं आणि त्याच्या स्थापना समितीचे अध्यक्ष होते ओकुमा. मुली शिकल्या तर बिघडतात असं म्हणणाऱ्यांचा जपानमध्येही तोटा नव्हता. ओकुमांचं नाव पाठीशी असणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. (त्यांच्या स्वतःच्या वासेदात मुलींना प्रवेश मिळायला १९३९ उजाडलं, हेही सांगायला हवं.) याच विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पुण्याजवळच्या हिंगण्यात धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून अण्णांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली ती या पुस्तिकेच्या आधारानं. पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू झालं, मूठभर मुलींवर. तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. अण्णांचाही आग्रह होता की मुलींना मातृभाषेतून शिकवायचं, इंग्रजी एक विषय म्हणून. माझी आई त्याच विद्यापीठाची पदवीधर, लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन झालेली. मेजिरोच्या त्या फाटकाचा मी तिच्यासाठी फोटो काढला.

तिथून पायी गोकोकुजी देवळात. मागच्या दफनभूमीत ओकुमांची समाधी आहे. १० जानेवारी १९२२ ला ते गेले. अंत्यविधी हिबिया बागेत झाला, सरकारी इतमामानं नव्हे, लोकांच्या वतीनं. सुमारे तीन लाख माणसं लोटली होती. तीन आठवड्यांनी त्यांचे जन्माचे प्रतिस्पर्धी, लष्कराचे सर्वेसर्वा आरितोमो यामागाता वारले. त्यांना सरकारी इतमाम मिळाला, तोही हिबियातच, पण मंडप रिकामा राहिला. आता यामागाताही याच गोकोकुजीत विसावलेत. आम्ही दोन्ही समाध्या पाहिल्या. त्या दिवशी दोन्हीकडे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

ओकुमांच्या आयुष्यातलं एक पान मी मुद्दाम मागं ठेवलंय. ते उलगडलं संध्याकाळी, शिन्जुकुत, जेवणाच्या टेबलावर.

१९१४ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, ओकुमा दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. (पहिल्यांदा १८९८ मध्ये, जपानचं पहिलं पक्षीय मंत्रिमंडळ. चार महिन्यांत कोसळलं.) लोकांना वाटलं, आपला माणूस आला. ते आगगाडीच्या डब्यातून स्टेशनास्टेशनावर भाषणं करत, १९१५ च्या निवडणुकीत तर त्यांनी भाषणाची तबकडी काढून ग्रामोफोनवरून प्रचार केला. आणि याच ओकुमांच्या सरकारनं जानेवारी १९१५ मध्ये चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या. महायुद्धात युरोप गुंतलाय तोवर चीनला गिळायचा बेत. मे महिन्यात निर्वाणीचा खलिता धाडून त्यांतल्या बहुतेक मान्य करून घेतल्या. चीनमध्ये तो दिवस राष्ट्रीय अपमानाचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. समान माणसांचा जाहीरनामा वाचून घडलेला माणूस हे कसं करू शकला? परराष्ट्रमंत्री कातो यांचा हात मोठा होता, लष्कराचा दबाव होता, हे सगळं खरं. पण खुर्चीवर ओकुमा होते. त्यांना यातून सोडवता येत नाही आणि मला सोडवावंसंही वाटत नाही.

गंमत अशी की विरोधाचे आवाज त्यांच्याच शाळेतून आले. वासेदानं १९०५ पासून चिनी विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग उघडला होता. १९१५ मध्ये वासेदात शिकत असलेल्या ली दाझाव या तरुणानं मागण्यांविरुद्ध देशबांधवांना उद्देशून जळजळीत आवाहन लिहिलं. पुढं चीनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक म्हणून जग त्याला ओळखू लागलं. वासेदाचे पदवीधर, पत्रकार तानझान इशिबाशी यांनी चीनची भूमी घेऊ नका असं १९१४ पासूनच लिहायला घेतलं होतं. चार दशकांनंतर तेही पंतप्रधान झाले.

आणि तिसरा माणूस? त्याच्याच दुकानात आम्ही बसलो होतो. नाकामुराया. समोर वाफाळती कोंबडीची करी, हाडासकट, शेजारी पांढरा भात.

१९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बाँब टाकण्याच्या कटातले रासबिहारी बोस १९१५ मध्ये वेषांतर करून जपानला निसटले. इंग्रजांशी जपानचा तह होता. इंग्रजांनी माणूस मागितला आणि ओकुमांच्या सरकारनं फर्मान काढलं, २ डिसेंबरच्या आत देश सोडा. भारत-जपान मैत्रीसाठी १९०३ मध्ये संस्था काढणाऱ्यांत हेच ओकुमा होते! मुदतीच्या आदल्या रात्री बोस मित्सुरू तोयामा यांच्या घरात पुढच्या दारानं शिरले आणि मागच्या दारानं पसार झाले. तोयामा कोण? गेन्योशाचे म्होरके. ज्या संघटनेच्या पोरानं ओकुमांचा पाय घेतला, तीच ही. पोलीस पुढच्या दाराशी ताटकळत राहिले आणि मोटार थांबली ती शिन्जुकुतल्या एका बेकरीच्या मागं. मालक आइझो सोमा आणि त्यांची पत्नी कोक्को. त्या दोघांनी पकडले जाण्याचं भय पत्करून बोसना मागच्या खोलीत महिनोन्‌महिने लपवलं. १९१६ मध्ये फर्मान मागं घेतलं गेलं. त्यांची मुलगी तोशिको बोसशी लग्न करून संसारात पडली आणि १९२५ मध्ये तरुणपणीच गेली. १९२७ मध्ये नाकामुरायानं उपाहारगृह काढलं तेव्हा सासऱ्याच्या दुकानासाठी जावयानं खरी हिंदुस्थानी करी शिकवली. तीच आमच्या पुढ्यात होती.

‘आणि हे सोमा शिकलेले कुठले, माहितीये?’ भावानं विचारलं.

‘कुठले?’

‘टोकियो सेन्मोन गाक्को, १८९० ची बॅच. शाळेचं वासेदा हे नाव नंतरचं, १९०२ चं.’

मी चमचा खाली ठेवला. संस्थापक पंतप्रधान, त्यांचा हुकूम निघालेला, आणि त्यांच्याच शाळेचा विद्यार्थी ज्याला हाकलायचं त्याला घरात दडवून बसलेला! सकाळी वाटलं होतं की ओकुमा शाळेपासून लांब राहिले ते सरकारच्या भीतीनं. तेव्हा ते सरकारच्या बाहेर होते. तेहतीस वर्षांनी ते स्वतःच सरकार होते.

‘करी कशी आहे?’ भावानं विचारलं.

‘मामीच्या हातची येणार नाही,’ मी म्हटलं, ‘पण रस्सा बरा आहे. जरा भात सांग अजून.’